आमच्या घरात दोन पिंजरे

तुमच्या घरात उंदराचा पिंजरा असणारच. तारेची जाळी, आतल्या हुकाला टोचलेला भजीचा तुकडा आणि रात्री अडीच वाजता खट्कन पडणारं दार. आमच्या दिघ्याच्या घरातही तो आहे. ओट्याखाली, गॅस सिलिंडरच्या मागे.

पण आमच्याकडे आणखी एक पिंजरा आहे. तो टेबलावर असतो. तीन मजली, आत जुन्या ओढणीचा झोपाळा, कोपऱ्यात एक मडकं, बाहेरून टांगलेली पाण्याची बाटली. त्यातही उंदीरच आहे. फरक एवढाच, की ओट्याखालच्या पिंजऱ्यात सापडलेला उंदीर सकाळी नाल्याकडे नेला जातो आणि टेबलावरच्या पिंजऱ्यातल्या उंदराला सकाळी शिजवलेले मूग मिळतात.

‘शी!’ म्हणालात ना? म्हणा. गेली अडीच वर्षं मी हेच ऐकतेय. नातेवाइकांकडून, शेजारच्या काकूंकडून, कॉलेजच्या ग्रुपवर. कुत्रा पाळला तर ‘सो क्यूट’, मांजर पाळली तर रील, आणि उंदीर पाळला की थेट ‘तुला घरात कुणी काही बोलत नाही का?’ बोलतात हो. खूप बोलतात. तरीही सांगते, खांद्यावर बसून आपल्या केसांत नाक खुपसणारा उंदीर हे जगातल्या भारी सुखांपैकी एक आहे. कसं, ते वाचा. आणि वाचल्यावर लगेच दुकानात धावू नका, ही एक अट.

आईचा मुद्दा बरोबरच होता

दिघा ठाऊक नसेल तर सांगते. ठाण्याकडून येताना ऐरोलीच्या आधीचं गाव. मागे डोंगर, पुढे खाडी, मधे ठाणे-बेलापूर रस्ता, एमआयडीसीच्या कंपन्या आणि त्यांना बिलगून बसलेल्या वस्त्या. १२ जानेवारी २०२४ ला ‘दिघा गाव’ स्टेशन सुरू झालं, तोवर आमचा पत्ता सांगताना ‘ऐरोलीच्या अलीकडे’ असंच म्हणावं लागायचं. पावसाळ्यात नाले तुंबले की बिळांत पाणी शिरतं आणि उंदीर घरांत. आईच्या लेखी उंदीर म्हणजे कुरतडलेली तांदळाची गोणी, तोडलेली फ्रिजची वायर आणि लेप्टोची भीती.

भीती खोटी नाही. लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू उंदराच्या लघवीतून पाण्यात उतरतात आणि पायाच्या साध्या जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या तापाची साथ आली होती. म्हणून तर दर पावसाळ्यात ‘साचलेल्या पाण्यातून चाललात? डॉक्टरांना विचारून गोळी घ्या’ असं पालिका सांगते.

त्याआधीची आठवण आणखी मोठी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिल्यांदा गाठीचा प्लेग ओळखला. पुढच्याच वर्षी, १० मार्च १८९७ ला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. प्लेग पसरतो तो उंदरांवरच्या पिसवांमुळे, हे पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं. महाराष्ट्राची उंदरांशी ओळख अशी झालेली आहे. मुंबई महापालिकेत आजही मूषक संहारक ही नोकरी आहे. माणसं रात्री काठी आणि टॉर्च घेऊन गल्ल्यांत फिरतात आणि उंदीर मारतात. आणि २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मंत्रालयातल्या उंदरांचा हिशेब काढला होता, तो आठवतोय? सात दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारल्याचं कागदावर! मीम्सचा नुसता पाऊस पडला होता.

तेव्हा आई मला ‘घरातले कमी आहेत का, म्हणून बाहेरून आणतेस?’ असं म्हणाली, त्यात तिचं काहीच चुकलं नव्हतं.

गटारातून खांद्यावर

मी काही ठरवून आणले नव्हते. कॉलेजच्या एका मैत्रिणीने दुकानातून ‘दोन्ही माद्या आहेत’ असं ऐकून एक जोडी आणली. तीन आठवड्यांत त्या ‘दोन माद्यांना’ अकरा पिल्लं झाली. घाबरून तिने सगळ्यांना फोन लावले. मी म्हटलं, बघून तर येऊ. बघायला गेले आणि पिल्लं आईपासून तोडण्याएवढी झाल्यावर दोन घेऊन आले. एक पांढरीवर राखाडी डोकं, दुसरी पूर्ण तांबूस. आजीने नावं ठेवली, भाकरी आणि चटणी. (उंदीर आणल्याबद्दल आजीने पहिला अर्धा तास मला ओरडून घेतलं. मग म्हणाली, ‘गणपतीचं वाहन आहे, शिव्या नको द्यायला.’)

ओट्याखालचा आणि टेबलावरचा, हे दोघे एकच का? नाही. पाळीव उंदीर म्हणजे तपकिरी गटारी उंदराचे, रॅटस नॉर्वेजिकसचे, पाळीव वंशज. कुत्रा जसा लांडग्याचा, तसा. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता, स्वतःला राणी व्हिक्टोरियाचा उंदीरपकड्या म्हणवणारा. पकडलेल्यांमध्ये एखादा पांढरा किंवा वेगळ्या रंगाचा निघाला की तो मारायचा नाही, वाढवायचा आणि विकायचा. १९०१ मध्ये मेरी डग्लस या बाईंच्या आग्रहामुळे इंग्लंडमधल्या माऊस क्लबच्या प्रदर्शनात उंदरांनाही जागा मिळाली. लहान मुलांसाठी प्राण्यांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बीट्रिक्स पॉटरकडे सॅमी नावाचा पाळीव उंदीर होता आणि एक पुस्तक तिने त्यालाच अर्पण केलंय.

म्हणजे शंभराहून जास्त वर्षं, पिढ्यान्‌पिढ्या, माणसाच्या हाताला न चावणारे उंदीर निवडत निवडत ही जात तयार झाली. रस्त्यावरचं पिल्लू उचलून आणलं तर ते भाकरी-चटणी होणार नाही. ते घाबरेल, चावेल आणि आजारही आणेल. हा मुद्दा दोनदा वाचा.

रात्री साडेआठनंतर

उंदीर दिवसा झोपतात. मी ऑफिसमधून, ट्रेनच्या गर्दीतून चेपून साडेआठला घरी पोहोचते, तेव्हा त्यांची सकाळ झालेली असते. माझ्यासारख्या मुलीला याहून सोयीचा प्राणी कोणता? मांजर आपल्याकडे बघतसुद्धा नाही. या दोघी माझ्या चपलेचा आवाज ओळखून जाळीला लोंबकळायच्या.

दार उघडलं की हातावरून खांद्यावर, खांद्यावरून टी-शर्टच्या आत, आणि गळ्यापाशी डोकं बाहेर. मग माझी मुलाखत घेतल्यासारखं तोंड हुंगायचं. आज काय खाल्लं? वडापाव? आम्हाला नाही आणला? भाकरीला नावाने हाक मारली की येते. चटणीलाही नाव कळायचं, पण तिचा मूड असेल तरच. दोघींना एकेक शेंगदाणा द्या. भाकरी समोर बसून खाणार. चटणी स्वतःचा लपवून येणार आणि भाकरीच्या हातातला ओढणार. एकाच दिवशी जन्मलेल्या बहिणी, पण स्वभाव एवढे वेगळे! हे कळायला मला आठवडा लागला. ‘उंदीर’ या एका शब्दात आपण सगळ्यांना कोंबतो, त्यामुळे आधी ते कधी दिसलंच नव्हतं.

आणि स्वच्छता! आपण उंदीर म्हणजे घाण समजतो ना? यांचा जागेपणीचा कितीतरी वेळ अंग चाटण्यात आणि तोंड पुसण्यात जातो. मी हात लावला की चटणी आधी माझा वास पुसून काढायची. नक्की घाण कोण, असा प्रश्न पडायचा.

एकदम खूश असला की उंदीर दात एकमेकांवर घासतो. बारीक कर्रकर्र आवाज येतो आणि त्या हालचालीने डोळे चक्क आतबाहेर व्हायला लागतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं हिला फिट आली. गुगल केलं तर कळलं, बाई सुखात आहेत.

त्यांना हसू येतं

हे सगळं माझ्या मनाचे खेळ आहेत, असं वाटत असेल तर थोडं विज्ञान ऐका. याक पँकसेप या शास्त्रज्ञाने उंदरांना गुदगुल्या करून पाहिल्या. तेव्हा ते साधारण ५० किलोहर्ट्‌झचा आवाज काढतात, असं दिसलं. आपल्या कानाची मर्यादा २० किलोहर्ट्‌झपर्यंत, म्हणून तो आपल्याला ऐकूच येत नाही. गुदगुल्या थांबवल्या की उंदीर पुन्हा त्या हाताच्या मागे धावायचे.

२०१९ मध्ये बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना चक्क लपाछपी शिकवली. राज्य घ्यायचं आणि लपायचं, दोन्ही. बक्षीस खाऊ नव्हे, फक्त गुदगुल्या आणि दंगामस्ती. त्याआधी २०११ मध्ये शिकागो विद्यापीठात एक प्रयोग झाला. एका नळीत सोबती अडकलेला, दुसऱ्या नळीत चॉकलेट. मोकळ्या उंदराने दोन्ही दारं उघडली आणि बऱ्याचदा सोबत्यासाठी थोडं चॉकलेटही ठेवलं. मी हे वाचून दाखवलं तर माझा भाऊ म्हणाला, ‘तू माझ्यासाठी कधी ठेवलंयस?’ मुद्दा होता.

हे प्रयोग प्रयोगशाळेतल्या उंदरांवर झाले. आपली औषधं, आपल्या लसी त्यांच्यावरूनच पुढे येतात. परळच्या आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था आहे, मुंबईत प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांची. त्याच रस्त्यावर प्राण्यांसाठीचं बाई साकरबाई हॉस्पिटल. उंदीर म्हणजे साथ, आणि प्राणी म्हणजे जीव, या दोन्ही गोष्टी आपल्या शहरात एकाच रस्त्यावर राहतात. आमच्या घरात त्या एकाच खोलीत राहतात, इतकंच.

‘त्या पैशांत पन्नास येतील’

आता जे कुणी आधी सांगत नाही, ते सांगते. पाळीव उंदीर दोन ते तीन वर्षं जगतो. बस्स. तुम्ही एफवायला आणलात तर डिग्री हातात येईपर्यंत तो नसेल.

चटणी पावणेदोन वर्षांची असताना तिच्या पुढच्या पायामागे मला सुपारीएवढी गाठ लागली. माद्यांमध्ये स्तनाच्या गाठी खूप होतात. बऱ्याचशा कर्करोगाच्या नसतात, पण वाढत राहतात. महिन्याभरात सुपारीचं लिंबू झालं. जवळच्या एका दवाखान्यात गेले, तर ‘आम्ही कुत्री-मांजरं बघतो’ म्हणून परत पाठवलं. दुसरीकडे सल्ला मिळाला, ‘उंदीरच आहे, नवीन घ्या.’ शेवटी ठाण्यात छोट्या प्राण्यांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या एक डॉक्टर सापडल्या. त्यांनी खर्च सांगितला. घरी आल्यावर तो आकडा मी बाबांना सांगितला. ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, ‘त्या पैशांत पन्नास उंदीर येतील.’

हिशेब अगदी बरोबर होता. आमच्या घरात पैसे कुठून येतात आणि कुठे जातात हे मला माहीत आहे. त्याच महिन्यात भावाची क्लासची फी होती. एका उंदरासाठी इतका खर्च करणं बरोबर की चूक, याचं उत्तर मला तेव्हाही नव्हतं, आजही नाही. मी माझं इंटर्नशिपचं मानधन वापरलं, उरलेले मैत्रिणीकडून उसने घेतले. पण तुम्ही उंदीर आणायच्या आधीच हा प्रश्न स्वतःला विचारा. प्राणी स्वस्त असतो, डॉक्टर नाही.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री आजीने चटणीची वाटी उचलून ठेवली. ‘पोटात काही नको, माझ्या मोतीबिंदूच्या वेळी नव्हतं का सांगितलं?’ डॉक्टरांना फोन केला, तर त्या म्हणाल्या, ‘उंदराला उलटी होतच नाही. त्याला उपाशी ठेवायचं नाही, उलट त्रास होईल.’ रात्री साडेअकराला आजीने स्वतः मूग गरम करून दिले.

ऑपरेशन नीट झालं. टाके निघाले, पुन्हा उड्या सुरू झाल्या, भाकरीचे शेंगदाणे पुन्हा चोरीला जायला लागले. पुढे पाच महिन्यांनी एका सकाळी चटणी झोपाळ्यातून उठली नाही. गाठ परत आली नव्हती. वय झालं होतं, एवढंच. दोन वर्षं आणि थोडे महिने.

गॅलरीत आजीने ड्रममध्ये लावलेली जास्वंद आहे. ‘तिच्यातच ठेव, गणपतीला फुलं जातात,’ आजी म्हणाली. माती बाबांनी उकरली. पन्नास उंदरांचा विषय कुणी काढला नाही.

पाळायचेच असतील तर

* कायम दोन आणा, एकाच लिंगाचे. एकटा उंदीर खंगतो. नर-मादी ओळखून घ्या. पाच-सहा आठवड्यांचे झाले की ते पिल्लं देऊ शकतात आणि गर्भ राहिल्यावर फक्त तीन आठवडे लागतात.
* रस्त्यावरचा उंदीर कधीही पाळू नका आणि पाळलेला कधीही नाल्यात सोडू नका. तो बाहेर जगू शकत नाही.
* दुकानातून घेत असाल तर दुकान नोंदणीकृत आहे का ते विचारा. २०१८ च्या नियमांनुसार पेट शॉपला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ओळखीत कुणाकडे पिल्लं असतील तर आधी तिथे बघा.
* तारेचा उंच पिंजरा घ्या, तारांमधलं अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नको. काचेची टाकी नको, आत लघवीचा वास कोंडतो आणि उंदरांची फुप्फुसं मुळातच नाजूक असतात. पिंजरा जमिनीवर ठेवू नका, बाहेरचे उंदीर खाण्याच्या वासाने येतात. त्यांचं धान्य स्टीलच्या डब्यात ठेवा.
* खायला पेलेट्स, सोबत ज्वारी-बाजरी, शिजवलेले मूग, काकडी, गाजर, कधीतरी उकडलेलं अंडं. फरसाण, लोणचं, कोल्ड्रिंक नाही.
* मे महिन्यात सांभाळा. उंदराला घाम येत नाही, तो शेपटीतून उष्णता बाहेर टाकतो. पाण्याची बाटली गोठवून, नॅपकिनमध्ये गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा. आमच्याकडे लाइट गेली की आधी फ्रीझर उघडला जातो.
* डोळ्यांभोवती लाल दिसलं तर ते रक्त नसतं, एक रंगद्रव्य असतं. पण ती ताणाची किंवा आजाराची खूण असू शकते. श्वासाचा घरघर आवाज आला तर थेट डॉक्टर.
* पिंजऱ्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. पाळीव उंदरापासून आजाराचा धोका कमी असतो, शून्य नसतो. घरात अगदी लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.
* ते चालता चालता थेंबभर लघवी करतात, चार्जरच्या वायरी कुरतडतात, रात्री तीन वाजता पिंजऱ्यात दंगा घालतात. हे चालणार नसेल तर राहू द्या. मित्राच्या उंदरांशी खेळा.

एकटी नको ठेवूस

आता टेबलावरच्या पिंजऱ्यात भाकरी एकटी आहे. चटणी गेल्यावर ती दोन दिवस मडक्यातून बाहेर आली नाही. वय तिचंही झालंय, मागचे पाय थोडे फरफटतात, म्हणून वरचे दोन मजले बंद केलेत. आता संध्याकाळचा जास्त वेळ ती माझ्या मांडीवरच असते.

मी ठरवलं होतं, आता बास. भाकरी गेली की पिंजरा घडी करून माळ्यावर. इतक्या थोड्या दिवसांसाठी एवढा जीव लावणं मला काही पुन्हा झेपणार नाही.

मागच्या रविवारी सकाळी ओट्याखाली पिंजऱ्याचं दार पडलं. आईने वाकून बघितलं, आत एक पिल्लू होतं, दोन बोटांएवढं. आई रोजच्यासारखी पिंजरा उचलून नाल्याकडे गेली. तिच्या मनात काय होतं, तिने त्याचं काय केलं, मी विचारलं नाही. रिकामा पिंजरा घेऊन परत आली, धुतला, हात धुतले. मग टेबलापाशी थांबली आणि मडक्यात डोकावली. जाळीतून एक बोट आत घातलं. अडीच वर्षांत पहिल्यांदा. भाकरीने ते हुंगलं आणि चाटायला लागली.

आई बोट तसंच ठेवून म्हणाली, ‘ही एकटी आहे गं. तुझ्या त्या मैत्रिणीकडे विचार ना, पिल्लं आहेत का.’

मी फोन केला. पिल्लं आहेत.